आतल्या बाजूची किल्ली

चपला जागेवर नव्हत्या. पलुपीने दुपारच्या गाढ झोपेतून उठून खोलीचं दार उघडलं आणि सवयीने पाय बाहेर टाकला, तो थेट थंड फरशीवर पडला. जिन्यात आणखी एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं काहीतरी तिच्या अंगातून सर्रकन गेलं. तपकिरी, टाचेला पट्टा असलेल्या, दिवसभर चाललं तरी न टोचणाऱ्या चपला. काल संध्याकाळी तिने त्या स्वतः इथे काढल्या होत्या, टोकं भिंतीकडे करून. ती तशीच अनवाणी उभी राहून लांबलचक ओसरीकडे बघत राहिली. सुट्टीचा दिवस. बू सुमच्या घरात भाड्याने राहणाऱ्या बहुतेक मुली गावी गेलेल्या, त्यामुळे दारांपुढच्या जागा रिकाम्या. अंबरच्या दारापुढे तिच्या जाड तळव्यांच्या सपाता, आणि हेस्तीच्या दारापुढे गुलाबी रबरी सपाता, नेहमीसारख्या शेजारी शेजारी. या घरात दारापुढच्या चपला बोलतात. आहेत म्हणजे मुलगी आत आहे, नाहीत म्हणजे बाहेर गेली आहे, दोन जोड म्हणजे मैत्रीण आली आहे, हळू बोला. हे कुणी कुणाला शिकवलेलं नाही आणि त्यात कुणी कधी खोटं केलेलं नाही. पलुपी दिवसभर प्रयोगशाळेत दुकानदारांच्या तराजूंची तपासणी करायची, आणि ज्या मापाला कुणी हात लावत नाही ते माप तिला मनापासून आवडायचं. सुराबायातल्या या घामट घरात चपलांची ती रांग हे तसं एक माप होतं. म्हणूनच आपल्या चपला नसणं तिला चोरीपेक्षा वेगळं काहीतरी वाटलं. काटा शून्यावर नाही, असं काहीतरी. हेस्तीच्या गुलाबी सपातांकडे तिने पुन्हा एकदा पाहिलं. उजव्या सपातेचा अंगठ्यातला पट्टा मागच्या महिन्यात निसटला होता. पलुपीनेच तो तळव्याखालून तारेचं वेटोळं घालून पक्का केला होता. वेटोळं अजून घट्ट होतं. आपलं काम टिकलेलं बघून तिला बरं वाटलं, आणि हेस्ती दुपारची झोपली असेल असं म्हणून ती परत फिरणार, तोच जिन्याखालून बू सुमची हाक आली.

"लुपी! तुझी हत्यारं घेऊन ये गं जरा."

हत्यारं म्हणजे एक केसांचा आकडा आणि छत्रीची एक काडी. छत्री अंबरची. ती वाऱ्याने उलटी झाली, तेव्हा तिच्या काड्या पलुपीने मागून घेतल्या आणि मोरीतल्या कपडे धुवायच्या दगडावर घासून घासून एकीचं टोक बोथट आकड्यासारखं केलं. पहिल्या वर्षी तिने मांसाचे तुकडे ओवून साते भाजायच्या बांबूच्या काड्यांवर प्रयोग केले होते. त्या मऊ पडतात आणि नेमक्या आत मोडतात. मुली किल्ल्या हरवतात, मोरीच्या जाळीतून खाली पाडतात, ओढणीच्या टोकाला बांधून ती ओढणी धोब्याकडे देतात, आणि मग पलुपी. या घरातलं असं एकही कुलूप नव्हतं जे तिच्यापुढे हटून बसलं. हे ती फुशारकीने सांगत नसे. तराजू बरोबर आहे हे जितक्या सपाट आवाजात सांगायचं, तितक्याच सपाट आवाजात. तिचा नियम एकच होता, ज्याचं कुलूप तो शेजारी उभा हवा. अंबर तिला चिडवायची, "देव बरा की तू चोर नाही झालीस." त्यावर पलुपी म्हणायची, "चोराला घाई असते. घाईत कुलूप उघडत नाही." हे ती आईकडून शिकली होती, म्हणजे आईच्या कुलपांकडून. त्यांच्याकडे लाकडी कपाटात बसवलेला जुना टीव्ही होता, कपाटाला सरकती दारं, दारांना कुलूप, आणि किल्ली शाळेत शिकवायला गेलेल्या आईच्या पर्समध्ये. नऊ वर्षांच्या पलुपीने ते कुलूप आकड्याने उघडलं, कार्टून पाहिली, परत बंद केलं. आई घरी आली, चप्पल काढली, आणि एक अक्षर न बोलता टीव्हीच्या डोक्यावर तळवा टेकवला. टीव्ही गरम. तो तळवा तिथे किती वेळ राहिला होता, ते पलुपीला अजून आठवत होतं. मार बसला नाही. पुढच्या आठवड्यात कपाटाला नवं, जास्त चांगलं कुलूप आलं. तेही उघडलं. मग त्याहून चांगलं. दोघी मिळून कित्येक वर्षं न बोलता हा खेळ खेळल्या, आणि पलुपीला कधी कधी वाटायचं की आपली पदार्थविज्ञानाची पदवी खरी त्या कपाटापुढेच मिळाली. फक्त एकदा, शेवटच्या कुलपाच्या वेळी, आई मागे येऊन उभी राहिली होती. "उघडता येतं हे मला कळलंय," ती म्हणाली, "का उघडलंस ते सांग." आणि पलुपीला त्याचं उत्तर आलं नव्हतं. टीव्हीवर त्या वेळी काहीच लागलेलं नव्हतं.

जिन्यावर बू सुम घरच्या सैल झग्यात धापा टाकत उभ्या होत्या. त्यांच्यामागे एक पस्तिशीचा माणूस होता. अंगावर मोटारसायकलवरच्या प्रवासाची धूळ, एका हातात पिवळ्या तोफूची कळकाची करंडी, आणि काखेत कोराकरकरीत खराटा, नारळाच्या हिरांचा, बुडाशी लाल कापडाची पट्टी बांधलेला.

"हे हेस्तीचे थोरले भाऊ, मास दारमाजी," बू सुम दादा या अर्थी मास लावून म्हणाल्या. "केदिरीहून आलेत थेट. मगाशी अर्धा तास दार वाजवून खाली आले, पोरगी ओ देत नाही."

"फोन बंद आहे," मास दारमाजी म्हणाला. तो हळू बोलत होता, पण करंडी हातातल्या हातात फिरत होती. "कालपासून बंद आहे. चपला इथे आहेत. म्हणजे आत आहे ना ती?"

"आत नाही तर कुठे जाणार, अनवाणी?" बू सुम म्हणाल्या.

अंबर तोंडाला फेसपॅक लावलेल्या अवस्थेत दारातून डोकावली. "झोपली असेल हो. हेस्तीच्या कानाशी ढोल वाजवला तरी कूस बदलते फक्त."

"म्बाक," दारमाजी पलुपीला ताई म्हणत तिच्याकडे वळला, "आत काही झालं तर नसेल ना? फोनवर जरा बोलाचाली झाली होती."

ती बोलाचाली पलुपीला ठाऊक होती. स्वयंपाकघरात नूडल्स उकळताना हेस्तीने तुकड्या तुकड्यांनी सगळं सांगितलं होतं. तिला ज्याच्याशी लग्न करायचं होतं तो हारुन समुद्रापलीकडे बालिकपापानला धक्क्यावर क्रेन चालवायचा. तो त्याच्या आईबापांचं पहिलं मूल, आणि हेस्ती तिच्या घरातलं तिसरं. पहिला आणि तिसरी. तिच्या घरच्यांच्या हिशेबात ही जोडी जमली की दोन्हीकडच्या आईबापांपैकी कुणीतरी जातं. आणि हेस्तीच्या आईला हृदयाचा आजार. "म्हणजे मी लग्न केलं तर मी आईला मारलं," हेस्ती चमच्याने पातेल्याच्या कडा खरवडत म्हणाली होती, "आणि नाही केलं तर ती आपोआप बरी होणार, नाही का? तू शिकलेली आहेस, तू सांग." पलुपीने तेव्हा नीट सांगितलं होतं, एका घराचा क्रमांक आणि दुसऱ्या घरातला मृत्यू यांच्यामध्ये जोडणारी काहीच वस्तू नाही, तार नाही, दोरी नाही, काही नाही. हेस्ती हसली होती. आपण तिला काहीतरी दिलं असं त्या वेळी पलुपीला वाटलं होतं. आत्ता, दारमाजीच्या हातातली करंडी फिरताना बघून, तिला त्या उत्तराबद्दल इतकी खात्री वाटेना. उत्तर बरोबर होतं, पण या माणसाची भीतीही या ओसरीत खरीच उभी होती, धुळीसकट.

"ज्याचं कुलूप तो शेजारी हवा," ती बू सुमना म्हणाली.

"दार माझं आहे. मी उभी आहे की."

"कुलूप तिचं आहे."

"आणि ती आत बेशुद्ध पडली असेल तर? परवानगी कुणाकडे मागणार आहेस? उघड गं बाई."

ती दारापुढे गुडघ्यांवर बसली. फरशी गुडघ्यांना गार लागली आणि बरं वाटलं. तिला कुलपापुढे नेहमीच बरं वाटायचं. माणसं मागे जायची, आवाज मागे जायचे, आणि पुढे एक गोष्ट उरायची जी खोटं बोलत नाही. पण आकडा घालण्याआधी एक बघायला हवं होतं. या दारांना नळीसारखी कुलपं होती, दोन्ही बाजूंनी किल्ली लागणारी. आतून किल्ली लावलेली असेल तर मधला लोखंडी तुकडा बाहेरच्या बाजूला सरकलेला असतो, आणि मग बाहेरून किती का मेहनत करा, नळी नुसती फिरते, दार हलत नाही. तो तुकडा कुठे आहे हे चाचपायला लांब, बारीक, लवचीक असं काहीतरी हवं. छत्रीची काडी त्यासाठी फार जाड. तिने मान वळवली.

"मास, तुमच्या खराट्यातला एक हीर मिळेल?"

दारमाजीने खराटा काखेतून काढून छातीशी धरला. "एकच ना?"

"एकच."

"खराटा केवढ्याला पडला म्हणून इतका विचार करताय?" अंबर म्हणाली. "खाली कोपऱ्यावर पोत्याने मिळतात."

त्याने लाल कापडाची गाठ न सोडता, बोटांनी अगदी मधला एक हीर चिमटीत धरून सावकाश ओढून काढला आणि दोन्ही हातांनी दिला, देवळात काही द्यावं तसा. हा माणूस केदिरीहून सुराबायापर्यंत मोटारसायकलवर खराटा घेऊन का आला असेल, असं पलुपीच्या मनात आलं आणि गेलं. हीर छान होता, वाळलेला पण न मोडणारा. तिने तो किल्लीच्या भोकातून आत सरकवला. कुलपाच्या आतल्या छोट्या पिनांच्या खालून गेला, नळीच्या टोकाशी आला, जिथे आतली किल्ली असती तर तो अडायला हवा होता तिथे अडला नाही. आणखी पुढे गेला. मग अडला. तिने तो मागे घेऊन पुन्हा सरकवला. तेच. आत किल्ली नव्हती. हेस्ती किल्ली आतून दारातच ठेवून झोपते, हे या घरात सगळ्यांना माहीत होतं, कारण त्यामुळेच एकदा सगळ्यांना दार बडवावं लागलं होतं. दार बाहेरून बंद केलं होतं. पलुपीच्या नजरेच्या टोकाला गुलाबी सपाता होत्या. उजव्या सपातेतलं तारेचं वेटोळं. आणि मग, आवाज न करता, एकेक पिन आपल्या खाचेत बसावी तसं सगळं बसलं. लांबच्या प्रवासाला या सपाता कुणी नेणार नाही. लांबच्या प्रवासाला टाचेला पट्टा असलेल्या चपला नेतात. आणि स्वतःच्या सपाता दारापुढे ठेवतात, कारण या घरात दारापुढच्या चपलांवर कुणी शंका घेत नाही. आज गुरुवार. परवा हेस्ती कपडे वाळत घालताना सहज म्हणाली होती, गुरुवारचं बालिकपापानचं जहाज संध्याकाळी सुटतं ना गं, पेराक बंदराला इथून गर्दीत किती वेळ लागतो. पलुपीने वेळ सांगितली होती, गर्दी धरून आणि न धरून, दोन्ही.

तिला राग आला नाही. खरं म्हणजे तिला हसू आलं. हेस्ती, जिला नळाची चकती बदलता येत नाही, तिने या घरातलं सगळ्यात विश्वासाचं माप हलकेच खोटं केलं होतं, आणि मोजणारीच्याच चपला घालून गेली होती. आता प्रश्न सरळ होता. दार उघडलं की खोली रिकामी दिसेल. खोली रिकामी दिसली की हा माणूस मोटारसायकलवर बसेल, आणि जहाज अजून धक्क्याला आहे. तिने आकडा वाकवून नळीला हलका ताण दिला आणि छत्रीची काडी आत घातली, कारण मागे तीन माणसं बघत होती आणि काहीतरी करायला हवं होतं. बोटांना मात्र खोटं करता येत नाही. पहिली पिन बसली, तिसरी बसली, दुसरी, चौथी. शेवटची राहिली. ती इतकी सैल होती की नुसती फुंकर घातली असती तर बसली असती. पलुपी त्या पिनेच्या कडेवर उभी राहिली. हे थांबणं तिने आधी कधी केलं नव्हतं. अंगातलं सगळं त्या एका दिशेने कललं होतं, जसं शिंकेच्या आधी कलतं, आणि ती ते धरून ठेवत होती. मागे अंबरच्या तोंडावरचा फेसपॅक सुकून तडकल्याचा बारीक आवाज आला. पलुपीने ताण सोडला. पिना टिकटिक करत खाली पडल्या. त्या घरात असं पहिल्यांदाच झालं होतं.

"नाही उघडत," ती म्हणाली.

"काय?" बू सुम म्हणाल्या.

"किल्ली आतून लावलेली आहे." आणि मग, दारमाजीची करंडी पुन्हा फिरायला लागलेली पाहून, तिने पुढचं सांगितलं. "मी ढकलली तर तिने उलट ढकलली. जागी आहे ती. उघडायचं नाही तिला, एवढंच."

दारमाजीच्या खांद्यांतून काहीतरी सुटलं. त्याने करंडी खाली ठेवली. "जागी आहे," तो म्हणाला.

"ढकललं म्हणजे तब्येत ठणठणीत आहे," बू सुम म्हणाल्या, "आणि अक्कल कमी आहे. हेस्ती, ऐकतेस का? भाऊ केदिरीहून आलाय आणि तू दार लावून बसतेस? मी भात टाकते, मास. भूक लागली की येईल बाहेर. या पोरी रागावर दुपारचं एक जेवण सोडतात, रात्रीचं सोडत नाहीत." त्या जिना उतरल्या. अंबर जाता जाता पलुपीच्या कानाशी वाकली. "किल्लीमुळे उघडलं नाही म्हणे. बोटं म्हातारी झाली तुझी, कबूल कर." पलुपीची मान गरम झाली. कुलूप उघडलं नाही असं या ओसरीत लोक आता वर्षभर बोलतील. बोलू देत. तिने हीर केसांच्या अंबाड्यात खोचला, हत्यारं गोळा करायच्या निमित्ताने फरशीवरच बसून राहिली आणि मनातल्या मनात जहाजाची वेळ मोजू लागली.

दारमाजी गेला नाही. तो दाराशेजारी भिंतीला पाठ टेकून बसला, खराटा मांडीवर आडवा घेऊन, आणि जरा वेळाने दाराशी बोलायला लागला. पलुपी तिथे आहे याचं त्याला काही वाटलं नसावं. किंवा घरचं बोलायला साक्षीला कुणीतरी असलं तर बरं, असं त्याला वाटलं असावं.

"हेस्ती, मी दार उघड म्हणत नाही. नुसतं ऐक. परवा मी जे बोललो ते भीतीने बोललो. तुला ठाऊक आहे, आईला रात्री धाप लागली की मी तिचा श्वास मोजत बसतो. त्यात तुझं पहिलं-तिसरं. मला ते खरं वाटतं की नाही, हे मी स्वतःलाही विचारलेलं नाही. कारण खोटं निघालं तर ठीक आहे, पण खरं निघालं तर मी काय करू?" तो थांबला. आतून काही आलं नाही. येणारच नव्हतं. "काल आईनेच मला जवळ बसवलं. म्हणाली, तिसरी आहे म्हणून अडतंय ना? मग तिला तिसरी ठेवू नका. तुला बिमो आठवतो? सारखा आजारी पडायचा, मग काकूने त्याला खराट्याने झाडून उंबऱ्याबाहेर काढला, टाकून दिला म्हणाली, आणि आत्याने रस्त्यावरून उचलून आपला केला. अजून आत्यालाच आई म्हणतो तो. आई म्हणाली, तसं करा. कुठलाही उंबरा चालेल, ती जिथे राहते तिथला. एका बाईने झाडायचं आणि मी उचलायचं. म्हणजे तू माझी मुलगी. माझी एक आहेच, तेव्हा तू दुसरी. दुसरीला कोण अडवतंय? तुझी भाची तुझी थोरली बहीण होणार म्हणून आत्तापासून हुकूम सोडायला लागली आहे. म्हणते, हेस्तीला सांगा, माझ्या खेळण्यांना हात लावायचा नाही." तो हसला, मग त्याने खराट्याची लाल पट्टी सारखी केली. "आईने स्वतः बांधलाय. रात्री बसून बांधला. त्यातला एक हीर म्बाकना दिला, पण एकाने काही बिघडत नसेल."

पलुपीचा हात आपोआप अंबाड्याकडे गेला आणि तिथेच थांबला. तिच्या सगळ्या हिशेबात खराटा कुठेच नव्हता. तिने भोकात हीर घातला होता आणि पलीकडे किल्ली नाही हे बिनचूक ओळखलं होतं, पण हीर ज्याचा होता त्याला वाचलंच नव्हतं. हा माणूस बहिणीला न्यायला नव्हे, वाट मोकळी करायला आला होता. आणि ते सगळं तो आता एका रिकाम्या खोलीला सांगत होता, जिच्यात ऐकायला फक्त एक कॅलेंडर असेल, आणि कदाचित तेही नसेल. हेस्ती आत्ता धक्क्यावरच्या एका बाकावर बसली असेल, आईला मारून निघाले आहे असं समजून, तार नाही दोरी नाही हे पलुपीचं हुशार उत्तर पाठ म्हणत. हे सगळं खरं असेल तर. पलुपीने स्वतःला अडवलं. खोटंही असू शकतं. दारामागे रुसलेली मुलगी आहे असं समजणारा शहाणा माणूस अगदी असंच बोलेल, गोड, सावकाश, दार उघडेपर्यंत. आईच्या शेवटच्या कुलपात तशा पिना होत्या, मध्ये कंबर बारीक केलेल्या. सगळ्या बसल्या, नळी किंचित फिरली, उघडलं असं वाटलं, आणि तिथेच अडकली. खोटं उघडणं. नवशिका तिथे जोर लावतो आणि सगळं घट्ट करून ठेवतो. पलुपीही कित्येक दुपारी जोर लावत बसली होती. मग तिला कळलं की अशा वेळी उलट करायचं, ताण जरा सैल सोडायचा, आणि नळी आपली आपण कुठल्या बाजूला जाते ते बोटाने नुसतं ऐकायचं.

"मास," ती म्हणाली, "बू सुमकडे पहार आहे. दार जुनं आहे. दोन दणक्यांत उघडेल."

तिने त्याच्या चेहऱ्याकडे नाही, हातांकडे पाहिलं. हात उठले नाहीत. खराट्यावर आणखी सैल पडले.

"छे हो," तो म्हणाला. "दार फोडून आत गेल्यावर मग उंबरा कसला? तिला नसेल यायचं तर मी खाली बसतो. उद्या येईन परत." मग जरा विचार करून, "हा तोफू मात्र उद्यापर्यंत टिकायचा नाही. तो तुम्ही सगळ्या खाऊन टाका."

नळी उलट्या बाजूला फिरली होती. पलुपीला आता काही शंका नव्हती. तिने केसांचा आकडा पुन्हा हातात घेतला. दारमाजी बघत होता.

"किल्ली आतून लावलेली नाही," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे मी खोटं बोलले."

पुढचं तिने त्याच्याकडे न बघता केलं, कारण कुलूप उघडताना कुणाकडे बघायचं नसतं. ताण, पहिली, तिसरी, दुसरी, चौथी. शेवटच्या पिनेला काडी लागली न लागली तोच नळी लोण्यासारखी फिरली आणि दार स्वतःच्या वजनाने आत गेलं. का उघडलंस, असं मागून कुणी विचारलं असतं, तर आज तिला सांगता आलं असतं. गादी गुंडाळून भिंतीला उभी केली होती. खिळ्यावर कॅलेंडर नव्हतं. खिडकीच्या पडद्याला गाठ मारली होती, जशी हेस्ती नेहमी मारायची, वारा यावा म्हणून. लवंगेच्या तेलाचा वास तेवढा राहिला होता. दारमाजी उठून उंबऱ्याशी आला, पण आत गेला नाही. उंबऱ्याकडे, मग गादीकडे, मग पुन्हा उंबऱ्याकडे बघत राहिला. पलुपीने ओरडा ऐकायची तयारी ठेवली. तो तिचा हक्काचा होता.

"मग मी इतका वेळ कुणाशी बोलत होतो?" तो म्हणाला.

"माझ्याशी."

"तुम्हाला कळलं कधी?"

"तुमचा हीर आत गेला तेव्हा. मला वाटलं, तुम्ही तिला अडवायला आलात."

खालून भाताचा आणि मिरचीचा वास येत होता. बू सुम कुणाशी तरी पोरींच्या रुसव्यांबद्दल मोठ्याने बोलत होत्या.

"मागच्या आठवड्यात आलो असतो तर अडवायलाच आलो असतो," तो शेवटी म्हणाला. "कुठून जाते ती?"

"पेराकहून. बालिकपापानचं जहाज. अजून वेळ आहे, जवळच्या गल्ल्यांमधून गेलं तर. मला रस्ता ठाऊक आहे."

"जहाजाला उंबरा असतो का हो?"

"शिडी असते. शिडीच्या तोंडाशी लोखंडी पट्टी असते, पायाला अडकते अशी. चालेल?"

"आई म्हणाली कुठलाही चालेल." त्याने खराटा उचलला आणि तिच्याकडे पाहिलं, वरपासून खालपर्यंत, पावलांपाशी येऊन थांबला. मग दारापुढच्या गुलाबी सपातांकडे. मग पुन्हा तिच्या अनवाणी पावलांकडे. इतक्या वेळात पहिल्यांदाच त्याच्या तोंडावर हेस्तीचं हसू दिसलं, तेच, डावीकडून सुरू होणारं. "तिने तुमच्या चपला नेल्या?"

"टाचेला पट्टा असलेल्या. चांगल्या होत्या."

"मग चला," तो जिना उतरायला लागत म्हणाला. "त्या परत आणायला पाहिजेत. आणि झाडायला एक बाई लागतेच."

पलुपीने गुलाबी सपातांत पाय घातले. त्या तिला आखूड होत होत्या, टाच अर्धी बाहेर, आणि उजव्या अंगठ्याखाली तिचं स्वतःचं तारेचं वेटोळं टोचत होतं. स्वयंपाकघराच्या दारातून बू सुमनी विचारलं, उघडलं का गं शेवटी. अंबरने आतून विचारलं, कुठे निघालीस, लुपी. ती दारमाजीच्या मागे बाहेर पडली. मोटारसायकलवर मागे बसून तिने खराटा मांडीवर घेतला. लाल पट्टीखाली, अगदी मधोमध, एका हिराएवढी जागा रिकामी होती, बोटाला लागेल न लागेल इतकी. तिने अंबाड्यातला हीर काढला, त्या जागेत टेकवला आणि तळव्याने हलकेच आत दाबला. तो पहिल्याच दाबाला बसला.